गाणं कुणाकडून घ्यावं?

इंटरनेटवरून गाणी उतरवून घेताना बहुतेक जण दोन प्रश्न वेगवेगळे ठेवतात. हे कायद्याला धरून आहे का, हा एक. आणि यातून फोनमध्ये काही भलतंसलतं शिरणार नाही ना, हा दुसरा. पहिला नीतीचा म्हणून बाजूला पडतो आणि दुसरा अँटीव्हायरसवर सोपवला जातो. माझ्या मते हा एकच प्रश्न आहे, आणि त्याच्या मुळाशी जायचं तर आधी विचारावं, की ही सेवा चालते कुणाच्या पैशावर? हजारो गाणी साठवायला आणि लाखो लोकांना पुरवायला रोजचा खर्च येतो. ज्या संकेतस्थळानं गायकाला काही दिलेलं नाही, रेकॉर्ड कंपनीला दिलेलं नाही आणि जे तुमच्याकडूनही काही मागत नाही, त्याची कमाई दुसरीकडून होत असणार. ती होते जाहिरातींतून, आणि नाव जपणाऱ्या कंपन्या अशा ठिकाणी सहसा जाहिरात देत नाहीत. उरतात ते सट्ट्याची ॲप विकणारे, ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस सापडला’ अशी खोटी भीती घालणारे आणि तुमचा नंबर, तुमच्या परवानग्या गोळा करणारे. गाण्याचे हक्क न घेणं आणि ऐकणाऱ्याला धोक्यात टाकणं ही एकाच धंद्याची दोन अंगं आहेत.

तो धोका प्रत्यक्षात कसा दिसतो, हे नीट ओळखता आलं पाहिजे. अशा पानावर ‘डाउनलोड’ लिहिलेली तीन-चार बटणं असतात आणि त्यांतलं सर्वांत मोठं बहुधा जाहिरातीचं असतं. मग ‘नोटिफिकेशनला परवानगी द्या’ अशी चौकट येते. ती दिली की पान बंद केल्यावरही फसव्या सूचना येत राहतात. उतरवलेलं एमपीथ्री गाणं ऐकण्यासाठी त्या पानावरचं काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही, हे पक्कं लक्षात ठेवावं. पाच मिनिटांचं एमपीथ्री गाणं १२८ केबीपीएसला साधारण ५ एमबीचं होतं, ३२०ला साधारण १२ एमबीचं. फाइल या हिशेबात बसत नसेल किंवा तिचं नाव शेवटी एपीके वा ईएक्सई असं संपत असेल, तर ती उघडू नये. विंडोजमध्ये ही शेवटची अक्षरं मुळात लपवलेली असतात, म्हणून ती दिसतील अशी सेटिंग आधी करून घ्यावी. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हावरही विसंबू नये. तुमची माहिती वाटेत कुणी वाचत नाही एवढंच ते सांगतं, पलीकडे कोण बसलंय हे सांगत नाही.

‘साइट उघडते म्हणजे कायदेशीर असणार’ हा युक्तिवाद फार ऐकू येतो. कोलकाता उच्च न्यायालयाच्या आदेशानं २०१२ मध्ये शंभराहून अधिक अशी संकेतस्थळं भारतात बंद केली गेली. सॉंग्ज डॉट पीके त्यांतलंच. व्हिडिओमधून गाणं काढून देणारं यूट्यूब-एमपीथ्री हे संकेतस्थळ रेकॉर्ड कंपन्यांनी खटला भरल्यावर २०१७ मध्ये बंद झालं. तसली नवी पानं नव्या नावानं येतच राहतात. उघडणं हा परवानगीचा पुरावा नव्हे.

‘जुनी गाणी तर सगळ्यांचीच’ या म्हणण्यात मात्र तथ्य आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. पण गीत आणि चाल यांचे हक्क वेगळे, आणि ते त्या-त्या कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतात. ‘संगीत स्वयंवर’ १९१६ चं. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ मध्ये गेले, चाली देणारे भास्करबुवा बखले १९२२ मध्ये. त्या पदांच्या बालगंधर्वांच्या काळातल्या जुन्या तबकड्या आज खरोखर सर्वांच्या आहेत. ‘गीतरामायणा’चं तसं नाही. पुणे आकाशवाणीवर ते १९५५ मध्ये सुरू झालं, पण गीतकार गदिमा १९७७ मध्ये गेले आणि संगीतकार सुधीर फडके २००२ मध्ये. म्हणजे ध्वनिमुद्रण कितीही जुनं असलं, तरी शब्दांचा हक्क २०३७ च्या अखेरपर्यंत आहे आणि चालीचा त्यानंतरही पंचवीस वर्षं. एखादी सेवा ‘जुनं म्हणून मोफत’ म्हणत असेल, तर हा भेद तिला ठाऊक आहे का, हे पाहावं.

कलावंत श्रीमंत असतात, त्यांचं काय अडतंय, असंही म्हणतात. पडद्यावर दिसणाऱ्या मोजक्यांबद्दल ते खरं असेल. गीतकार आणि संगीतकार यांची स्थिती वेगळी होती, म्हणूनच कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनं त्यांचा रॉयल्टीतला वाटा करारानं काढून घेता येऊ नये अशी तरतूद झाली. हा वाटा त्यांच्यापर्यंत पोचतो तो परवानाधारक सेवेकडूनच. चोरट्या फाइलमधून त्यांना एक पैसाही मिळत नाही, आणि मला हे मनापासून लागतं.

सर्वांत वजनदार आक्षेप पुढचा: पैसे भरलेल्या सेवाही बंद पडतात. पडतात खऱ्या. फ्लिपकार्टची गाणी विकणारी ‘फ्लाइट’ ही सेवा २०१२ मध्ये सुरू होऊन २०१३ मध्ये बंद झाली. पण तिथली गाणी बिनकुलपाची, म्हणजे कुठेही वाजणारी, एमपीथ्री होती. ज्यांनी ती उतरवून ठेवली त्यांच्याकडे ती राहिली. याउलट याहूनं २००८ मध्ये आपलं गाण्यांचं दुकान बंद केलं, तेव्हा कुलूपबंद फाइलींना नव्या संगणकावर परवाना मिळेनासा झाला. त्यामुळे निवड करताना किमतीच्या आधी हे विचारावं, की मिळणारी फाइल त्या ॲपच्या बाहेर वाजते का? स्ट्रीमिंग ॲपमधली ‘ऑफलाइन’ गाणी वर्गणी थांबली की थांबतात. आयट्यून्स स्टोअरवर विकत घेतलेलं गाणं २००९ पासून बिनकुलपाचं असतं, पण त्याच कंपनीच्या ॲपल म्युझिकच्या वर्गणीत उतरवलेलं तसं नसतं. बँडकॅम्पवर कलावंत स्वतः विकतात आणि एमपीथ्रीबरोबर फ्लॅक ही आवाजाचा दर्जा न घटवणारी फाइलही मिळते. फक्त ऐकायचंच असेल तर वर्गणी उत्तम आहे. संग्रह करायचा तर विकत घ्यावं आणि दोन ठिकाणी साठवून ठेवावं.

पैसे देताना ॲप अधिकृत स्टोअरमधूनच घ्यावं. पहिला महिना नाममात्र रुपयांत असेल, तर पुढे आपोआप किती कापले जाणार ते वाचावं. यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीतून ती परवानगी रद्द करता येते. यूपीआयचा पिन पैसे मिळवण्यासाठी कधीच लागत नाही, त्यामुळे ‘परतावा हवा तर पिन टाका’ म्हणणारा भामटाच असतो. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावं. पैसे अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

एक अडचण मात्र मला मान्य करावी लागते. कितीतरी मराठी भावगीतं आणि नाट्यपदं कोणत्याही अधिकृत सेवेवर सापडत नाहीत, आणि हा दोष ऐकणाऱ्याचा नाही. अशा वेळी आधी रेकॉर्ड कंपनीचं अधिकृत चॅनेल धुंडाळावं, जुनी सीडी वा कॅसेट मिळते का पाहावं, आणि हक्क कुणाकडे आहेत ते कळलं तर त्यांना लिहून ते गाणं मागावं. कंपन्या जुना साठा बाहेर काढतात तो मागणी दिसली की, आणि चोरट्या पानावरून उतरवलेल्या गाण्याची मागणी त्यांच्या हिशेबात कुठेच दिसत नाही.