रंगाऱ्याच्या अंगणातील रसायनशास्त्र
(भैरवगढच्या बाटिककामावरून माध्यमिक शाळांसाठी पाच पाठ)

उज्जैन शहराच्या उत्तरेस, क्षिप्रेच्या काठी भैरवगढ ही वस्ती आहे. १८१० पर्यंत शिंद्यांची राजधानी असलेल्या या नगरीशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे. यात्रेकरूंना भैरवगढ ठाऊक असते ते कालभैरवाच्या मंदिरामुळे. परंतु या वस्तीची दुसरी ओळख तितकीच महत्त्वाची आहे. येथील कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या कापडावर छपाईचे व रंगाचे काम करीत आली आहेत. मेणाने नक्षी काढून कापड रंगविण्याचे बाटिककाम आज येथील मुख्य व्यवसायांपैकी एक असून, उज्जैनच्या बाटिक छपाईला २०२३ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

या वस्तीतील एखाद्या अंगणात पाऊल टाकले म्हणजे माध्यमिक शाळेच्या रसायनशास्त्राची बहुतेक प्रकरणे समोर मांडलेली दिसतात. चुलीवर मेण वितळत असते. एका भांड्यात सोड्याचे द्रावण असते, दुसऱ्यात रंगाचे क्षार. पिवळट कापड दुसऱ्या भांड्यात बुडताच लालभडक होते. आणि तरीही, अशाच वस्तीत वाढलेल्या मुलाला शाळेत “अवक्षेप म्हणजे काय?” असे विचारले, तर तो पाठ केलेली व्याख्या म्हणतो किंवा गप्प राहतो. घरी जे त्याच्या हातांना येते, ते शाळेत त्याच्या कामी येत नाही. आणि शाळेत जे तो घोकतो, ते घरी त्याच्या हातांचे रक्षण करीत नाही. हे दोन्ही प्रकारचे ज्ञान एकत्र कसे आणता येईल, याचा विचार या लेखात केला आहे.

कृतीतून शिक्षणाची परंपरा

कोठारी आयोगाने (१९६४–६६) शालेय शिक्षणात कार्यानुभवाला स्थान देण्याची शिफारस केली होती. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा माध्यमिक शाळांतून सहावी ते आठवीच्या मुलांसाठी प्रयोगावर आधारलेले विज्ञान शिक्षण सुरू झाले. किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. १९७८ मध्ये हा कार्यक्रम संपूर्ण जिल्ह्यात लागू झाला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने तो पुढे नेला व माळव्यातील देवास, उज्जैन येथेही आपली केंद्रे उघडली. २००२ साली शासनाच्या निर्णयाने हा कार्यक्रम बंद झाला. मात्र गावात मिळणाऱ्या साध्या वस्तूंनी मुले स्वतः प्रयोग करू शकतात, निरीक्षणे लिहू शकतात आणि त्यांवरून निष्कर्ष काढू शकतात, हे त्या तीस वर्षांत सिद्ध झाले. महाराष्ट्रातही १९७४ साली मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अंतर्गत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले.

हीच दृष्टी ठेवून पुढील पाच पाठ सुचविले आहेत. त्यांना लागणारे साहित्य वाण्याच्या व काष्ठौषधींच्या दुकानात मिळते. प्रयोगशाळा नसलेल्या शाळेलाही ते करता येण्याजोगे आहेत.

पाठ पहिला : हळद आणि कुंकू

पांढऱ्या कापडाचे तुकडे हळदीच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवावेत. एका तुकड्यावर साबणाच्या पाण्याचा, दुसऱ्यावर चुन्याच्या निवळीचा व तिसऱ्यावर लिंबाच्या रसाचा थेंब टाकावा. पहिले दोन डाग तांबडे होतात, तिसरा पिवळाच राहतो. तांबड्या डागावर लिंबू पिळले की तो पुन्हा पिवळा होतो. हळदीला चुना किंवा पापडखार लावून कुंकू तयार करण्याची पद्धत ज्या घरात माहीत आहे, तेथे हा प्रयोग नवा नाही. आम्ल व आम्लारी ओळखणाऱ्या अशा पदार्थाला दर्शक म्हणतात, हे नाव मात्र शाळेने द्यावयाचे आहे. हळदीचे हे तुकडे जपून ठेवावेत. पाचव्या पाठात त्यांची गरज लागेल.

पाठ दुसरा : एका भांड्यातून तीन रंग

कृत्रिम रंग येण्यापूर्वी माळव्यातील रंगारी आल व मंजिष्ठा यांच्या मुळ्यांपासून लाल रंग आणि लोखंडापासून काळा रंग तयार करीत. नुसत्या मुळीचा काढा सुती कापडावर टिकत नाही. त्यासाठी कापड व रंग यांना जोडणारा तिसरा पदार्थ लागतो. त्याला रंगबंधक म्हणतात.

सुमारे दहा ग्रॅम हिरड्याची पूड अर्धा लिटर पाण्यात पंधरा मिनिटे उकळून गाळावी. साबणाने स्वच्छ धुतलेले सुती कापडाचे तीन तुकडे त्यात अर्धा तास भिजवून वाळवावेत. नंतर पहिला तुकडा साध्या पाण्यात, दुसरा तुरटीच्या व तिसरा हिराकसाच्या सौम्य द्रावणात बुडवावा. हिराकसाचा तुकडा मुलांच्या डोळ्यांदेखत काळसर होतो व हवेत आणखी गडद होत जातो. हिरड्यातील टॅनिन आणि लोह यांच्या संयोगाने हा रंग तयार होतो. जुन्या पोथ्यांसाठी शाई करतानाही या संयोगाचा उपयोग होत असे.

आता तिन्ही तुकडे पाण्याने धुऊन मंजिष्ठेच्या कोमट काढ्यात एकत्र टाकावेत आणि मंद आचेवर अर्धा तास ठेवावेत. भांडे एकच, काढा एकच. तरी तुरटीचा तुकडा लाल होतो, लोहाचा जांभळट तपकिरी होतो आणि साधा तुकडा फिकाच राहतो. शेवटी तिन्ही साबणाने धुऊन पाहावेत. तुरटीतील ॲल्युमिनियम एका बाजूने तंतूला व दुसऱ्या बाजूने रंगाच्या रेणूला धरून ठेवते, हे स्पष्टीकरण प्रयोगानंतर सांगावे. आधी सांगू नये.

ज्या शाळेला सवड असेल तिने काळ्या रंगाची जुनी कृतीही करून पाहावी. गंजलेले खिळे व गूळ पाण्यात घालून, सैल झाकणाखाली पंधरा-वीस दिवस ठेवावेत. गूळ आंबून शेवटी ॲसेटिक आम्ल तयार होते, म्हणजे ज्यामुळे व्हिनेगरला आंबटपणा येतो तेच आम्ल. त्यात लोखंड विरघळते. या द्रावणाने हिरडा लावलेल्या कापडावर काळी रेघ उमटते. किण्वन, आम्लाची धातूवरील क्रिया व ऑक्सिडीकरण ही तिन्ही प्रकरणे या एका मडक्यात सापडतात.

पाठ तिसरा : मेणाची राखण

बाटिकमध्ये जेथे रंग नको तेथे वितळलेले मेण लावतात. मेण हे हायड्रोकार्बन वर्गातील व तत्सम संयुगांचे मिश्रण असल्याने ते पाण्यात मिसळत नाही व पाण्यातील रंगाला तंतूपर्यंत पोहोचू देत नाही. पॅराफीन मेण साधारणतः ५० ते ६५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळते. म्हणून बाटिकचा रंग थंड पाण्यातच द्यावा लागतो. पॅराफीन थंड झाल्यावर ठिसूळ बनते व कापड चुरगळले की त्याला तडे जातात. मधमाश्यांचे मेण चिवट असल्याने त्याला तडे कमी जातात. या दोहोंचे प्रमाण बदलून कारागीर नक्षीतील बारीक शिरा कमी-अधिक करतो.

मुलांनी कोरडा रुमाल तराजूत तोलावा. मग मेण लावून पुन्हा तोलावा. तो हळदीच्या थंड पाण्यात रंगवून वाळवावा. त्यानंतर उकळत्या पाण्यात बुडविल्यावर मेण वितळून वर तरंगते, कारण त्याची घनता पाण्यापेक्षा कमी आहे. पाणी निवल्यावर मेणाची पापडी काढून, वाळवून तोलावी. समजा, कापडाचे वजन १० ग्रॅम व मेण लावल्यावर १६ ग्रॅम भरले, तर ६ ग्रॅमपैकी किती मेण परत मिळाले? उरलेले कोठे गेले? मेण विकत घ्यावे लागते आणि काढलेले मेण पुन्हा वापरता येते. त्यामुळे कारागिराच्या घरी हा प्रश्न खर्चाच्या हिशेबाचा असतो. वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा नियम मुलांना या हिशेबातून सहज समजतो.

येथे एक सूचना कटाक्षाने पाळावी. मेणाचे भांडे थेट आचेवर न ठेवता गरम पाण्याच्या भांड्यात ठेवावे व ते शिक्षकानेच हाताळावे. मेण पेटल्यास त्यावर पाणी कधीही टाकू नये. पाण्याची क्षणात वाफ होऊन जळते मेण चोहोकडे उडते. घट्ट झाकण ठेवून हवा तोडणे व आच बंद करणे, हाच उपाय होय. ज्वलनाला ऑक्सिजन लागतो हे वाक्य पाठ असलेल्या मुलालाही झाकण ठेवण्याचे सुचत नाही, ही उणीव शाळेने भरून काढावयाची आहे.

पाठ चौथा : तंतूच्या आत तयार होणारा रंग

आजच्या बाटिककामात बहुधा नॅफ्थॉल वर्गाचे रंग वापरतात. नॅफ्थॉल नुसत्या पाण्यात विरघळत नाही. ते कॉस्टिक सोड्याच्या साहाय्याने विरघळवून कापडाला देतात. मग ते कापड रंगक्षाराच्या थंड द्रावणात बुडवितात. हे क्षार डायझोनियम वर्गातील असून, त्या वर्गाची संयुगे पीटर ग्रीस या रसायनशास्त्रज्ञाने १८५८ साली शोधली. ती उष्णतेने विघटित होतात, म्हणूनही पाणी थंड लागते. दोन्ही विद्राव्य पदार्थ तंतूच्या आत एकमेकांशी संयोग पावतात आणि पाण्यात न विरघळणारा रंग तयार होतो. तो आतच अडकतो, म्हणून धुतल्याने जात नाही.

ही रसायने विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नयेत. कॉस्टिक सोडा कातडी जाळतो व डोळ्यांना कायमची इजा करू शकतो. मात्र हेच तत्त्व निर्धोकपणे दाखविता येते. पाच ग्रॅम हिराकस एका पेल्यातील पाण्यात व तितकाच धुण्याचा सोडा दुसऱ्या पेल्यातील पाण्यात विरघळवावा. कापड पहिल्यात भिजवून, पिळून दुसऱ्यात बुडवावे. त्यावर मळकट हिरवा साका बसतो. कापड हवेत टांगले की काही तासांत ते पिवळट तपकिरी होते. धोतराला खिळ्याचा गंज लागून पडणारा डाग अशाच प्रकारचा असतो. तो साबणाने निघत नाही. लिंबू-मिठाने निघतो, कारण लिंबातील आम्ल लोहाला पुन्हा विद्राव्य करते. अवक्षेपण व ऑक्सिडीकरण यांची व्याख्या फळ्यावर लिहिण्यास यानंतरची वेळ योग्य होय.

पाठ पाचवा : उरलेले पाणी

कापड रंगवून झाल्यावर जे पाणी उरते, त्याचा विचार सहसा पुस्तकात नसतो. भैरवगढ क्षिप्रेच्या काठी आहे. याच नदीत सिंहस्थाचे स्नान होते. सोड्याने तीव्र झालेले रंगीत पाणी शुद्ध न करता सोडले, तर ते अखेर नदीत किंवा विहिरीच्या झऱ्यात पोहोचते. काही ऍझो रंगांच्या विघटनातून कर्करोगकारक द्रव्ये तयार होऊ शकतात. म्हणूनच १९९७ साली भारत सरकारने अशा ७० रंगांवर बंदी घातली. रंग विकत घेताना डब्यावरील नाव वाचणे व हातमोजे वापरणे यांचे कारण कारागिराच्या मुलांना समजले पाहिजे.

चौथ्या पाठातील उरलेले सोड्याचे पाणी बादलीत घ्यावे. हळदीचा तुकडा त्यात तांबडा होतो. तो तांबडा होईनासा होईपर्यंत थोडे थोडे व्हिनेगर घालावे. हे उदासिनीकरण होय. दुसऱ्या बादलीत मातकट पाणी घेऊन तुरटी फिरवावी. गाळ हळूहळू तळाशी बसतो. पावसाळ्यात नदीचे पाणी निवळण्याची घरोघरची रीत हीच आहे. रंगाच्या पाण्यावरही ही पद्धत वापरतात. परंतु विरघळलेला प्रत्येक रंग तुरटीने निघत नाही आणि क्षार तर मुळीच निघत नाहीत, हेही मुलांना प्रयोगाने दाखवावे. पाणी स्वच्छ दिसणे व शुद्ध असणे यांतील फरक त्यांना येथे कळतो.

शिक्षकांसाठी

प्रत्येक पाठात आधी कृती, मग निरीक्षणाची नोंद व चर्चा आणि शेवटी शास्त्रीय नाव, असा क्रम ठेवावा. चार-पाच मुलांचा एक गट करावा. आपल्या गावी रंगारी नसेल तर कुंभार, लोहार, गुऱ्हाळ, चुन्याची भट्टी यांपैकी काही तरी असेलच. त्या कारागिराला एक दिवस शाळेत सन्मानाने बोलवावे व मुलांनी त्याला प्रश्न विचारावेत. ज्या मुलाचे वडील शाळेत येऊन शिकवितात, त्या मुलाला रसायनशास्त्र परके वाटत नाही.

स्वाध्याय

१. बाटिकमध्ये कोमट पाण्याचा रंग वापरल्यास कोणते दोन परिणाम होतील?
२. हिराकस जास्त घातल्यास काळा रंग गडद होतो, पण कापड लवकर विरते. जुन्या काळ्या नक्षीचे कापड पाहून हे पडताळा.
३. लोखंडी कढईत आवळे शिजविल्यास ते काळे का पडतात? या लेखातील कोणत्या पाठाशी याचा संबंध आहे?
४. आपल्या घरातून दिवसभरात सांडपाण्यात जाणाऱ्या पदार्थांची यादी करा. प्रत्येकाची हळदीच्या तुकड्याने परीक्षा करून वहीत नोंद ठेवा.