पाच हजार वर्षांचा आकडा खोडून टाक

चि. सई,

तुझ्या निबंधाचा खर्डा वाचला. ‘बुद्धिबळ भारतात पाच हजार वर्षांपूर्वी जन्मले’ हे पहिलेच वाक्य काढून टाक. हा आकडा डंकन फोर्ब्झ या विद्वानाच्या 1860 सालच्या ग्रंथामुळे पसरला. चौघांनी फासे टाकून खेळायच्या चतुरंगाचे, म्हणजे जुन्या बुद्धिबळाचे, एक वर्णन पुराणातले म्हणून सांगितले जाई, त्यावर त्याने सगळा डोलारा उभा केला. पण ते वर्णन हाती येते ते बंगालच्या रघुनंदनाच्या, म्हणजे सोळाव्या शतकातल्या ग्रंथात. पुढे 1913 मध्ये बुद्धिबळाचा इतिहासकार हॅरॉल्ड मरे याने फोर्ब्झचे म्हणणे खोडून काढले. मंदोदरीने रावणासाठी खेळ शोधला, ही कथाही गोष्ट म्हणूनच ठेव.

मग भारताचा हक्क बुडाला का? मुळीच नाही. सातव्या शतकात बाणभट्ट ‘हर्षचरिता’त अष्टापदाच्या, म्हणजे चौसष्ट घरांच्या, पटावरच्या चतुरंगावर श्लेष करतो, आणि वाचकाला खेळ ठाऊक असल्याशिवाय श्लेष रंगत नाही. त्याहून मला वजनदार वाटतो तो इराणी पुरावा. हिंदच्या राजाने इराणचा राजा खुस्रौ अनुशिर्वान याच्याकडे हा खेळ कोडे म्हणून धाडला आणि त्याचा मंत्री बुजुर्गमिहर याने ते सोडवले, असे जुन्या इराणी भाषेतले, पहलवीतले, एक पुस्तक सांगते. प्रसंग रचलेला असेल. पण आपल्या मंत्र्याची बुद्धी मिरवणाऱ्यांनी खेळाचे श्रेय परक्याला उगाच दिले नसते.

तू म्हणशील, आजचा खेळ तर युरोपने घडवला. बरेचसे खरे आहे. अरबांच्या शतरंजात वजीर तिरपे एकच घर चाले आणि आजच्या उंटाच्या जागचे मोहरे तिरपी उडी मारून दुसऱ्या घरात पडे. दोघांना लांब चाल मिळाली ती पंधराव्या शतकाच्या अखेरीस. 1475 च्या सुमाराच्या व्हॅलेन्सियातल्या एका काव्यात ती दिसते. डाव वेगवान झाला तो तेव्हापासून. हे लिहायला कचरू नकोस. मात्र चौसष्ट घरे, दोन सैन्ये आणि राजाची कोंडी त्याआधीचीच. घोड्याची चालही जुनीच: नवव्या शतकातल्या काश्मीरच्या रुद्रटाने ‘काव्यालंकारा’त एक श्लोक असा बांधला आहे की, त्याची बत्तीस अक्षरे अर्ध्या पटावर मांडून घोड्याच्या चालीने वाचली तरी तोच श्लोक उमटतो. तो आधी स्वतः पटावर ताडून पाहा आणि पाच हजारांच्या जागी घाल.

तुझा मामा