काकूंची लांब वही

पुण्याच्या नवी पेठेत एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर काकूंची मेस आहे. दुपारी साडेबारापासून आसपासच्या अभ्यासिकांमधली मुलं-मुली यायला लागतात. बहुतेक एमपीएससीची तयारी करणारी. कुणी लातूरचा, कुणी बुलढाण्याची, कुणी सांगलीचा. दारातच एक टेबल, त्यावर दोरीने बांधलेलं पेन आणि दोनशे पानी लांब वही. आलेला प्रत्येक जण आपल्या नावापुढे टिक करतो आणि ताट घेतो. गावी जायचं असेल तर आदल्या रात्रीपर्यंत खाडा सांगायचा. सलग तीन दिवसांपेक्षा कमी खाडा धरला जात नाही. रविवारी दुपारी फीस्ट, संध्याकाळी सुट्टी.

२०१७ साली मी हिंजवडीतली नोकरी सोडली आणि एका मित्राबरोबर अशा मेससाठी अ‍ॅप लिहायला बसलो. सात महिने गेले, दोघांची मिळून साडेचार लाखांची शिल्लक गेली आणि मित्राच्या लग्नाची तारीख पुढे ढकलावी लागली. आज सॉफ्टवेअरचा स्वतःचा धंदा करू पाहणारी तरुण मंडळी भेटायला येतात, तेव्हा आमच्याच चुका नव्या उमेदीने करताना दिसतात. म्हणून हे तपशिलात सांगतो आहे.

कल्पना अशी होती. मेसमध्ये रोज अन्न वाया जातं, कारण किती जण जेवायला येणार हे आधी कळत नाही. मुलांनी सकाळी दहापर्यंत मोबाइलवर ‘जेवणार’ किंवा ‘नाही’ एवढं कळवायचं, मेसवाल्यांना आकडा मिळायचा आणि तेवढाच स्वयंपाक व्हायचा. आम्ही सदाशिव पेठ, नवी पेठ, नारायण पेठ पालथी घालून चाळीस मेस गाठल्या. प्रत्येक ठिकाणी कल्पना सांगितली आणि विचारलं, ‘कशी वाटते?’ एकतीस जणांनी छान वाटते म्हणून सांगितलं. काहींनी तर चहा पाजला आणि ‘करा करा, असं काहीतरी पाहिजेच होतं’ असा आशीर्वादही दिला. त्या एकतीस नावांची यादी आम्ही भिंतीवर चिकटवली होती.

अ‍ॅप तयार झाल्यावर महिन्याला तीनशे रुपये मागितले, तेव्हा एकतिसांतले दोघे तयार झाले. दुसऱ्या महिन्यात तेही थांबले.

आपल्याकडे दारी आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणायची रीत नाही. ‘बघू’, ‘कळवतो’, ‘दिवाळीनंतर या’ ही सगळी नकाराची रूपं आहेत, आणि ‘छान आहे’ हे त्यांतलं सर्वांत प्रेमळ रूप. समोरच्याने आपल्याला फसवलेलं नसतं. आपण मत विचारलं, त्याने मत दिलं. पैसे देणार का, हा प्रश्न विचारलाच नव्हता.

हे उमगल्यावर मी काकूंना विचारून आठ दिवस त्यांच्या मेसमध्ये नुसता बसून राहिलो. ते सगळ्यात आधी करायला हवं होतं. पहिल्याच दुपारी दिसलं, की साडेबाराला एक मोठा कुकर तयार असतो आणि पहिल्या अर्ध्या तासात किती ताटं लागली ते बघून काकू दुसरा कुकर लावतात. पोळ्या करणाऱ्या दोघी जणी कणीकही दोन हप्त्यांत मळतात. दुपारी भात उरलाच तर संध्याकाळी फोडणीचा भात होतो, आणि मुलं तो मागून घेतात. ज्या अडचणीवर आम्ही सात महिने घालवले, तिच्यावरचा उपाय त्या स्वयंपाकघरात वीस वर्षांपासून रोज चालू होता. वर आमच्या उपायात दीडशे मुलांनी रोज सकाळी न चुकता बटण दाबायला हवं होतं. त्यांना त्याचा काहीच फायदा नव्हता, त्यामुळे ज्या दोन मेसमध्ये अ‍ॅप सुरू झालं तिथल्या मुलांनी चौथ्या दिवशीच ते सोडून दिलं.

खरी गोष्ट वहीच्या मागच्या पानांवर होती. तिथे लाल पेनाने थकबाकी लिहिलेली. आडनावं जवळजवळ नाहीतच: ‘सांगली उंच’, ‘चष्मेवाला लातूर’, ‘जोशींच्या वरची धाकटी’. पुढे रकमा, काही खोडून पुन्हा लिहिलेल्या. मी बेरीज केली. अडतीस हजारांच्या वर गेली. महिन्याला सव्वीसशे रुपयांत दोन वेळचं जेवण देणाऱ्या बाईंसाठी हा किराण्याच्या मोठ्या बिलाइतका आकडा होता. ‘तुम्ही मागत का नाही?’ असं विचारलं, तर काकू म्हणाल्या, ‘अरे, याच्या घरी यंदा कांद्याला भाव मिळाला नाही. घास हातात घेतलेल्या पोराला पैसे कसे मागू?’ मग थोड्या वेळाने सहज म्हणाल्या, की भाचा महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांना फोन करतो. त्याला त्या पाचशे रुपये देतात.

आम्ही तीनशे मागत होतो आणि त्या नको म्हणत होत्या. त्याच बाई दुसऱ्या एका अडचणीपायी दर महिन्याला पाचशे मोजत होत्या आणि ती अडचण आम्हाला ठाऊकसुद्धा नव्हती.

माणसं कशासाठी खुशीने पैसे देतील ते शोधायचं, तर आधी ती कशासाठी देतच आहेत ते बघावं. वही, भाचा, व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप, शनिवारी येणारे हिशेबनीस, झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतलेली कार्डं ही सगळी अडचणीवर बसवलेली ठिगळं असतात. जिथे ठिगळ आहे तिथे कुणीतरी वेळ किंवा पैसा ओतलेला आहे. जिथे नुसती कुरकुर आहे आणि ठिगळ नाही, तिथे मी आता थांबत नाही.

सॉफ्टवेअरच्या धंद्याचा इतिहासही तसाच आहे. श्याम सुंदर गोयंका यांना स्वतःच्या व्यवसायाचा हिशेब ठेवायला मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी मुलाला, भरत गोयंका यांना, ते लिहायला सांगितलं. त्यातून १९८६ साली बंगळुरूत जी कंपनी उभी राहिली तिचं टॅली आज गावोगावच्या दुकानांत आहे. हिशेब लिहायला दुकानदार आधीपासून माणूस ठेवतच होता. अमेरिकेत डॅन ब्रिकलिन हार्वर्डला व्यवस्थापन शिकत असताना हिशेबाच्या मोठ्या तक्त्यांचा जाच बघत होता; एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून पुन्हा मांडायचे. त्याने आणि बॉब फ्रँकस्टनने १९७९ मध्ये व्हिसिकॅल्क आणलं. सुमारे शंभर डॉलरचं ते सॉफ्टवेअर वापरता यावं म्हणून लोकांनी त्याच्या कैकपट किमतीचा अ‍ॅपल टू संगणक विकत घेतला.

मराठी वाचकाला याहून जवळचं उदाहरण पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीचं. युनिकोड सगळीकडे पोचण्याआधी संगणकावर देवनागरी नीट उमटवणं हे डीटीपीवाल्याचं रोजचं संकट होतं. लग्नपत्रिकेत एक जोडाक्षर फुटलं तरी गिऱ्हाईक गठ्ठा परत आणायचं आणि कागद-शाईचा खर्च अंगावर पडायचा. तो तोटा ज्याने एकदा सोसला, तो श्रीलिपी घेताना फार घासाघीस करत नसे.

उलट बाजूही सांगायला हवी. ‘गाडी कुठवर आली?’ हा भारतातला बहुधा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न असेल. बंगळुरूच्या सिग्मॉइड लॅब्जने तो फार हुशारीने सोडवला. त्यांचं ‘व्हेअर इज माय ट्रेन’ इंटरनेट आणि जीपीएस नसतानाही डब्यात बसलेल्याला मोबाइल टॉवरच्या खुणांवरून गाडीचा ठावठिकाणा सांगतं. लोकांनी ते अक्षरशः डोक्यावर घेतलं. पण वापरायला ते फुकट होतं. २०१८ मध्ये गूगलने ती कंपनीच विकत घेतली. एखादी गोष्ट लाखो लोकांना हवी असते म्हणून त्यासाठी खिसा उघडेलच असं नाही. प्रवासी वाट बघतो, वैतागतो, पण गाडी उशिरा आल्याने त्याच्या गल्ल्यातून नोट कमी होत नाही.

भाजीवाल्याच्या गल्ल्यातून मात्र ती कमी होते. यूपीआय २०१६ मध्ये आलं आणि काही वर्षांत हातगाड्यांवर क्यूआर कोड लागले. त्याबरोबर पैसे पाठवल्याचा खोटा स्क्रीनशॉट दाखवून निघून जाणारेही आले. गर्दीच्या वेळी मेथीची जुडी बांधताना ओल्या हाताने मोबाइल कोण तपासणार? रक्कम जमा झाली की मोठ्याने सांगणारी ती छोटी पेटी गाडीवर आली ती या कारणाने. एरवी पिशवीचे दोन रुपयेसुद्धा सोडायला जड जाणारा विक्रेता तिचं दरमहा भाडं भरतो. त्या पेटीत काही शिकावं लागत नाही, बटण दाबावं लागत नाही. विक्रेता आधीही भाजी बांधत होता, आताही बांधतो. फक्त कान मोकळा ठेवतो.

आणखी एका जागी माणसं हात आखडता घेत नाहीत: जिथे कायद्याची तारीख असते. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला तेव्हा मी मेसचं अ‍ॅप लिहीत होतो आणि शेजारचा संगणकवाला दिवसभर दुकानदारांना बिलिंगचं सॉफ्टवेअर बसवून देत होता. विवरणपत्र उशिरा भरलं की दर दिवसाचं विलंब शुल्क लागतं, हे कळल्यावर कुणी त्याला ‘दिवाळीनंतर या’ म्हणालं नाही. गृहनिर्माण संस्थांचंही तसंच. आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत लेखापरीक्षण आणि ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा. त्यात एखाद्या सभासदाने थकबाकीतली निम्मीच रक्कम भरली, की उरलेल्यावर उपविधींनुसार सरळव्याज काढताना बिनपगारी सचिवाची रात्र जाते. त्यात चूक झाली तर भांडण अटळ. अशा सचिवाला सुंदर रंगांचं अ‍ॅप दाखवून उपयोग नाही. त्याला व्याजाचा बरोबर आकडा आणि सभासदाला दाखवता येईल असा खातेउतारा द्यावा. मात्र लक्षात ठेवावं, की त्रास सचिवाला होतो आणि पैसे संस्थेचे जातात. सचिवाला पटलं तरी खर्च समितीच्या सभेत मंजूर व्हावा लागतो, त्यामुळे बोलणी करताना खजिनदाराला पहिल्या दिवसापासून बरोबर घ्यावं.

विचारायचं कसं, हेही मी चुकत चुकत शिकलो. ‘तुम्ही हे वापराल का?’ हा प्रश्न मी सोडून दिला. त्याऐवजी ‘मागच्या वेळी हे झालं तेव्हा काय केलंत? किती वेळ गेला? कुणाला किती दिले?’ असं विचारतो. मागच्या वेळचं आठवतच नसेल तर ती अडचण त्या माणसाची नाही. आठवत असेल तर तो खुर्ची ओढून बसतो, कागद काढून दाखवतो आणि त्याचा आवाज बदलतो. त्या आवाजाकडे लक्ष द्यावं.

आणि इसार घ्यावा. जमिनीचा व्यवहार असो की मांडववाला, आपल्याकडे इसार दिल्याशिवाय बोलणं पक्कं मानत नाहीत. सॉफ्टवेअर वेगळं का धरावं? काकूंच्या मेसमधून उठल्यावर आम्ही सात मेसवाल्यांकडे गेलो आणि एक ओळही लिहिण्याआधी तीन महिन्यांचे साडेचारशे रुपये रोख मागितले. पाच जणांनी दिले. बावीसशे पन्नास रुपये. भिंतीवरच्या एकतीस नावांची यादी त्याच संध्याकाळी काढून टाकली.

नवं काम अगदी लहान होतं. दर महिन्याच्या एक तारखेला मेसच्या नावाने सगळ्यांना सारखाच मेसेज जाणार: किती ताटं झाली, किती खाडे धरले, किती रक्कम बाकी आहे, आणि खाली काकूंचाच क्यूआर. पैसे थेट त्यांच्या खात्यात जाणार, आमच्या हातातून एक रुपयाही फिरणार नाही. यावर मी आजही ठाम आहे, कारण दुसऱ्याचा पैसा हाताळायला लागलं की सॉफ्टवेअर बाजूला राहतं आणि दिवसभर त्याचाच जाब देत बसावं लागतं. वही तशीच राहिली. रात्री काकू तिच्या पानाचा फोटो पाठवायच्या आणि आमच्याकडची एक मुलगी आकडे भरायची. हा भाग यंत्राकडून करून घ्यायचा मोह मी वर्षभर आवरला.

मेसेज सगळ्यांना एकाच दिवशी जातो, ज्याची काही बाकी नाही त्यालाही जातो. त्यामुळे कुणाला एकट्याला हटकल्यासारखं वाटत नाही. काकूंना पोरांच्या तोंडावर पैशाचा विषय काढावा लागत नाही. तिसऱ्या महिन्यात लाल पेनाचं पान अर्ध्यावर आलं, तेव्हा त्यांनी आपणहून विचारलं, ‘माझ्या बहिणीची कर्वेनगरला मेस आहे. तिला कितीला देशील?’

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीची चाहूल लागली आणि दोन-तीन दिवसांत अभ्यासिका रिकाम्या झाल्या. मुलं मिळेल त्या गाडीने गावी गेली. मेस बंद, त्यामुळे आता आमचंही काम थांबलं असं मी धरून चाललो होतो. एक तारखेला सकाळी काकूंचा फोन आला. पैसे भरून गेलेल्या मुलांची किती ताटं शिल्लक आहेत त्याची यादी त्यांना हवी होती. मी काढून दिली. त्यांनी मेसेज कसा लिहायचा ते फोनवर सांगितलं, मी लिहून घेतलं: तुमची इतकी ताटं आपल्याकडे जमा आहेत, पैसे परत हवे असतील तर कळवा, नाहीतर परत आल्यावर जेवा. पाठवू का म्हणून विचारलं, तर जरा थांब म्हणाल्या. मेस उघडेल तोवर भाव वाढलेला असेल, मग जुन्या ताटांचं काय? थोडा विचार करून म्हणाल्या, ‘जुनं ताट जुन्याच भावात. ते पण घाल त्यात.’