खडबडीत रस्त्यावर एबीएस : सामर्थ्य आणि मर्यादा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळा नुकताच ओसरला होता. राजिमला राजीवलोचनाचे दर्शन घेऊन आम्ही रायपूरकडे परतत होतो. सोबत पत्नी व वृद्ध आई होती. गाडी नवी होती आणि तिचे पहिले काही हप्तेच फेडून झाले होते. अभनपूरच्या अलीकडे एका ठिकाणी रस्त्याचे काम चालू असल्यामुळे वाहतूक बाजूच्या मुरुमाच्या रस्त्यावरून वळवलेली होती. खाचखळगे, विखुरलेली खडी आणि अधूनमधून डांबराचे उरलेले तुकडे, असा तो रस्ता होता. एवढ्यात सायकलवरचा एक शाळकरी मुलगा अचानक रस्त्यात आला. मी ब्रेकवर पाय दाबला. पेडल पायाखाली थरथरले, खालून घरघर ऐकू आली, आणि गाडी थांबण्याऐवजी पुढेच सरकत राहिल्यासारखे वाटले. घाबरून मी क्षणभर पाय उचलला, पुन्हा दाबला. गाडी थांबली तेव्हा सायकल आणि गाडी यांत जेमतेम दोन हातांचे अंतर होते.

दुसऱ्याच दिवशी गाडी तपासून घेतली. ‘ब्रेकमध्ये कोणताही दोष नाही,’ असे उत्तर मिळाले. प्रथम ते खरे वाटेना. पुढे या विषयाचा थोडा अभ्यास केल्यावर ध्यानात आले की उत्तर खरे होते. केवळ अपुरे होते. ते पुरे करण्याचा हा प्रयत्न.

एबीएस म्हणजे काय?

एबीएस म्हणजे अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टिम. ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. जोराने ब्रेक दाबला की चाक फिरणे थांबते, परंतु गाडी थांबत नाही. ती घसरत जाते. घसरणारे चाक दिशा बदलू शकत नाही, म्हणून स्टिअरिंग फिरवूनही उपयोग होत नाही. टायर पूर्णपणे न घसरता किंचित घसरत फिरत राहिला, म्हणजे साधारण १० ते २० टक्के घसरण असली, तर डांबरी रस्त्यावर पकड सर्वाधिक मिळते. ही मर्यादा सांभाळण्याचे काम एबीएस करते.

या कल्पनेचा पहिला यशस्वी वापर १९५०च्या दशकात विमानांच्या चाकांसाठी झाला. मोटारींसाठी बॉश कंपनीने विकसित केलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा १९७८ साली मर्सिडीज-बेंझच्या एस-क्लास गाडीत प्रथम उपलब्ध झाली. आपल्याकडे १२५ सीसीहून अधिक क्षमतेच्या दुचाकींच्या नव्या मॉडेलांना १ एप्रिल २०१८पासून आणि आधीच्या मॉडेलांना १ एप्रिल २०१९पासून एबीएस सक्तीचे झाले. त्याच सुमारास मोटारींनाही ते बंधनकारक झाले. एकेकाळी श्रीमंती गाड्यांत असणारी ही सोय त्यामुळे सामान्य कर्जदाराच्या वाहनात आली.

तिचे कार्य असे चालते. प्रत्येक चाकाजवळ वेग मोजणारा सेन्सर असतो. त्याची माहिती एका छोट्या संगणकाकडे जाते. एखादे चाक गाडीच्या मानाने फारच झपाट्याने मंदावू लागले, तर ते जाम होणार असे संगणक समजतो आणि त्या चाकाच्या ब्रेकचा दाब क्षणभर कमी करतो. चाक पुन्हा फिरू लागले की दाब वाढवतो. हे चक्र एका सेकंदात अनेक वेळा घडते. पेडलची थरथर आणि ती घरघर ही या कामाचीच खूण आहे.

चाकाची साक्ष

येथे एक बाब नीट समजून घेतली पाहिजे. एबीएस रस्ता पाहत नाही. ते केवळ चाक पाहते. रस्ता कसा आहे, हे ते चाकाच्या साक्षीवरून ठरवते. सपाट रस्त्यावर ही साक्ष विश्वसनीय असते. खडबडीत रस्त्यावर मात्र ती दिशाभूल करू शकते.

टायरची पकड त्यावर पडणाऱ्या भारावर अवलंबून असते. उंचवट्यावरून चाक वर उसळले की हा भार कमी होतो. कधी कधी चाक क्षणभर अधांतरीच राहते. त्या क्षणी ब्रेक दाबलेला असेल, तर जमिनीचा आधार सुटलेले चाक सेकंदाच्या अल्पांशात थांबते. संगणकाच्या दृष्टीने हे लक्षण बर्फासारख्या निसरड्या रस्त्याचे असते, म्हणून तो तत्काळ दाब कमी करतो. पुढच्याच क्षणी चाक जमिनीवर टेकते, त्याला पकड मिळते, पण ब्रेकचा दाब अजून पूर्ववत झालेला नसतो. तो होईपर्यंत पुढचा उंचवटा आलेला असतो. अनेक मोटारींत मागच्या दोन चाकांचा दाब एकत्रच नियंत्रित होतो. त्यामुळे एक चाक खड्ड्यात उसळले तरी दोन्हींचा ब्रेक सैल पडतो. चालकाला वाटते, ब्रेक गेला. प्रत्यक्षात तो गेलेला नसतो, परंतु त्याचा काही अंश वाया जात असतो.

खडी व मुरूम यांच्यावर आणखी एक कारण जोडले जाते. तेथे जाम झालेले चाक आपल्यापुढे खडीचा छोटा ढीग साठवते आणि तोच अडसरासारखा गाडीला रोखतो. एबीएस चाक फिरते ठेवत असल्याने हा ढीग साचत नाही. म्हणून सैल पृष्ठावर एबीएस असलेली गाडी थांबायला अधिक अंतर घेऊ शकते. मात्र ती चालकाच्या ताब्यात राहते, हे विसरता कामा नये.

हा प्रश्न जगभर परिचित आहे. फेब्रुवारी २०१०मध्ये टोयोटा कंपनीने प्रियससह आपल्या सुमारे ४ लाख ३७ हजार हायब्रिड मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. खडबडीत किंवा निसरड्या रस्त्यावर हळुवार ब्रेक लावताना एबीएस सुरू झाले की ब्रेकची जाणीव क्षणभर बदलत असे, अशी तक्रार होती. एबीएसच्या संगणकीय आज्ञावलीत बदल करून ती दूर करण्यात आली.

आपल्या परिसरातील रस्ते

छत्तीसगडच्या मैदानात भाटा, मटासी, डोरसा व कन्हार असे मातीचे चार प्रमुख प्रकार मानले जातात. त्यांपैकी कन्हार ही विदर्भातल्या काळ्या जमिनीसारखी चिकण माती. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरच्या रस्त्याचा पाया पुरेसा भक्कम नसेल, तर पृष्ठभागावर लाटा उमटतात. त्यात सिलतरा व उरला या औद्योगिक वसाहतींकडे लोखंड व कोळसा वाहणाऱ्या अवजड वाहनांची भर पडते. वरून गुळगुळीत दिसणारा रस्ताही अशा वेळी चाकाला उसळवत नेतो.

गतिरोधकांचेही असेच आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८च्या मार्गदर्शक मानकात १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच असा गोलाकार गतिरोधक सांगितला आहे. ताशी २५ किलोमीटर वेगाने तो सुखरूप ओलांडता यावा, हा हेतू. गल्लोगल्ली हौसेने घातलेले अरुंद व उभट उंचवटे या मापात कसे बसणार?

पाच मीटरांचा हिशेब

बँकेच्या वाचकांना आकडे प्रिय असतात, म्हणून एक छोटा हिशेब मांडतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १६.७ मीटर जाते. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, असे धरू. त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर थांबण्यास साधारण २० मीटर लागतात. एकूण ३७ मीटर झाले. उसळणाऱ्या चाकांमुळे पूर्ण वेगात असतानाच ०.३ सेकंद ब्रेक वाया गेला, तर त्यात ५ मीटरांची भर पडते. ही एका मोठ्या मोटारीची लांबी आहे.

आता तीच गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने चालली आहे, असे समजा. एकूण अंतर सुमारे २० मीटरच भरते. वेग एक तृतीयांशाने कमी केला की थांबण्याचे अंतर जवळजवळ निम्मे होते. कोणतीही यंत्रणा देऊ शकणार नाही अशी ही बचत केवळ चालकाच्या हाती आहे.

चालकाने काय करावे?

१. खराब रस्ता दिसताच, त्याच्या आधी सपाट भागावर वेग कमी करावा. खड्डा अटळ असेल आणि समोर कोणी नसेल, तर चाक खड्ड्यात उतरण्यापूर्वी ब्रेक सैल सोडावा.

२. समोर माणूस किंवा वाहन असेल, तर ब्रेक पूर्ण ताकदीने दाबून धरावा. पेडल थरथरले तरी पाय उचलू नये, जुन्या सवयीने वारंवार पंपही करू नये. स्टिअरिंग ताब्यात असते. अडथळा चुकवण्यासाठी त्याचा उपयोग करावा.

३. शॉक अ‍ॅब्सॉर्बर वेळोवेळी तपासावेत. ते झिजले की चाक अधिक उसळते आणि एबीएस अधिक फसते.

४. टायरमधील हवा योग्य ठेवावी, चारही चाकांना उत्पादकाने सांगितलेल्या मापाचेच टायर बसवावेत. मोटारीच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली की तो बदललाच पाहिजे.

५. गाडी सुरू करताना एबीएसचा पिवळा दिवा लागून विझतो. तो विझला नाही, तर एबीएस बंद असते, साधा ब्रेक चालू असतो. अशा वेळी सावकाश जाऊन दुरुस्ती करून घ्यावी. सोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर गाडी तेथेच थांबवावी.

६. दुचाकी घेताना एबीएस एकाच चाकाला आहे की दोन्हींना, हे विचारून घ्यावे. वाहनकर्जाच्या अर्जावर सही करण्यापूर्वीच हा प्रश्न विचारणे शहाणपणाचे.

याचा अर्थ एबीएस निरुपयोगी आहे, असा कोणी घेऊ नये. पावसाने ओल्या झालेल्या डांबरी रस्त्यावर, घाटातल्या वळणावर ते अनेकांचे प्राण वाचवते. परंतु प्रत्येक साधनाला मर्यादा असतात आणि त्या जाणणाऱ्यालाच ते पूर्णपणे उपयोगी पडते. गाडीचा विमा उतरवता येतो, नुकसान भरून मिळते. सायकलवरच्या मुलाची भरपाई कोणत्याही खात्यात जमा होत नाही. त्या दिवशी तो मुलगा आमच्याकडे एकवार पाहून शांतपणे पुढे निघून गेला. आई मात्र घरी पोहोचेपर्यंत एक शब्दही बोलली नाही. तेव्हापासून मुरुमाचा रस्ता दिसला की माझा पाय आधीच ब्रेककडे वळतो.