एक्झोसोम टेस्टचे पैसे मागितले तर

किंमत आधीच सांगतो: शून्य रुपये. कॅन्सरसाठी ‘एक्झोसोमल मायक्रो-आरएनए’ची टेस्ट करून घ्या असं कुणी सुचवलं, तर खिशात हात घालू नका. गाठीतल्या पेशी रक्तात बारीक पुड्या, म्हणजे एक्झोसोम, सोडतात. त्यांतल्या मायक्रो-आरएनएवरून आजार किती पसरला, औषध लागू पडतंय का, याचा माग काढायचं संशोधन जोरात चालू आहे. पण तुमचं औषध आजही ठरतं ते मुख्यतः बायोप्सीवरून.

संशोधनासाठी रक्त मागितलं तर खुशाल द्या. मात्र आयसीएमआरच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनाचा खर्च रुग्णाच्या माथी मारता येत नाही. एथिक्स कमिटीची मंजुरी विचारा, संमतीपत्र मराठीत मागा, त्याची प्रत घरी आणा. पावतीवर ‘कलेक्शन’, ‘प्रोसेसिंग’, ‘कुरिअर’ असं काही दिसलं की तिथंच थांबा. शिवाय नांदेड जिल्ह्यातल्या हदगावात काढलेलं रक्त दुपारभर नळीत तसंच पडून राहिलं, तर तांबड्या पेशी फुटतात, त्यांचं मायक्रो-आरएनए मिसळतं आणि रिपोर्टच बिघडतो. पैसे देऊन हा घोळ कशाला विकत घ्यायचा?

‘एक्झोसोम’चं इंजेक्शन किंवा सलाईन विकणाऱ्यापासून तर चार हात लांब राहा. अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०१९ मध्येच अशा उत्पादनांबद्दल जाहीर इशारा दिला आहे.

आता कामाचं. उपचारासाठी आधी नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय रुग्णालय गाठा. पुढं पाठवलं तर मुंबईआधी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाची चौकशी करा. ते वाटेवरच आहे. आधार, रेशनकार्ड आणि मूळ रिपोर्ट सोबत हवेत. महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. कोणत्या रुग्णालयात तुमचा उपचार बसतो, ते १५५३८८ वर विचारा. मंजूर उपचारासाठी ‘आधी भरा, मग परत देऊ’ असं कुणी म्हणालं, तर काउंटरवर वाद न घालता थेट रुग्णालयातल्या योजनेच्या आरोग्यमित्राला गाठा.

बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड्स लॅबकडून अर्ज करून घ्या. नुसता कागद नेलात तर पुन्हा बायोप्सी, पुन्हा बिल. मे महिन्यात ब्लॉक गाडीच्या काचेपाशी ठेवू नका.

रेल्वेने जात असाल तर ठरलेल्या नमुन्यातला डॉक्टरांचा दाखला आधी घ्या: स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाला पूर्ण, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत मिळते.