डांगीचा कळप: मृगाआधी वळूचा विचार करा

अकोले, इगतपुरी, त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात झड लागली की डांगी गाय पावसातच चरत राहते. पाठीवरून हात फिरवला तर तळव्याला तेलकटपणा लागतो. त्यामुळेच पाणी अंगावरून निथळून जाते. काळे, टणक खूर खडकाला दाद देत नाहीत. दूध वेताला सरासरी चारशे-साडेचारशे लिटरच. पण भातखाचरात चिखलणी करणारा बैल तिच्याच पोटी येतो.

जातीला मोठा धोका आहे तो वळूंच्या टंचाईचा. चांगला गोऱ्हा हाताशी आला की आपण तो खच्ची करतो किंवा बाजारात नेतो, आणि अख्ख्या वाडीच्या गाई एकाच वळूवर राहतात. 40 गाईंमागे 1 वळू असेल तर जवळच्या रक्ताचा संकर एका पिढीत सुमारे 13 टक्क्यांनी वाढतो. 4 वळू असतील तर साडेतीन टक्क्यांनीच. गाई कितीही वाढवल्या तरी हा आकडा फारसा हलत नाही. मग वासरे अशक्त निपजतात, गाई उलटतात, आणि दोष चाऱ्याला दिला जातो.

आवणीची घाई सुरू होण्याआधी वाडीने एकत्र बसावे. वेगवेगळ्या गाईंचे तीन-चार गोऱ्हे राखावेत. खर्च सगळ्यांनी वाटून घ्यावा, एकट्यावर टाकू नये. रंगाचा हट्ट नको. बहाळा, मानेरी, पारा, खैरा, लाल, शेवरा हे सारे डांगीच. कृत्रिम रेतन करायचे तर डांगीचीच रेतमात्रा मागा.

जात काटक म्हणून टोचण्या टाळू नका. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाआधीच द्या. फऱ्या नेमका धष्टपुष्ट वासरांनाच धरतो. लम्पीची लसही राहिली असेल तर उरकून घ्या. खाचराकडेच्या साचल्या पाण्यातले गवत खाऊन पर्णकृमी होतात. हगवण लागली, गळ्याखाली पाणी उतरले, तर डॉक्टरांना दाखवा. गाभण गाईला औषध मनाने पाजू नका. गाय पाऊस सोसते, नवे वासरू सोसत नाही. त्याला कोरडी जागा आणि पहिल्या तासा-दोन तासांत चीक हवाच.

प्रत्येक वासराची आई, बाप आणि जन्मतारीख वहीत लिहा. वळूच्या मुली माजावर येण्याआधी, साधारण तीन वर्षांत, तो दुसऱ्या खोऱ्यातल्या वळूशी बदला. राजूरच्या डांगी प्रदर्शनाला जाल तेव्हा अशी अदलाबदल तिथेच ठरवता येईल.