दारे बंद करून बसू नका

शास्त्रपाठ : नहेम्या ६:१-१६
पूरक वाचन : उत्पत्ती २७:१८-२७, मत्तय १०:१६



यरुशलेमेचा कोट पुरा होत आला होता. वेशींना दारे बसवायची तेवढी राहिली होती. उघड विरोध करून काम थांबेना, तेव्हा सनबल्लट, टोबीया आणि गेशेम यांनी नहेम्याला फसवण्याचा मार्ग धरला. त्यांनी वापरलेल्या युक्त्या आपण नीट पाहिल्या, तर आज आपल्या घरात वाजणाऱ्या खोट्या फोनची ओळख आपणांस पटेल. साधने बदलली, माणसाला पाडण्याची रीत तीच आहे.

१. ठगांच्या तीन युक्त्या

पहिली युक्ती गोड आमंत्रणाची. ओनोच्या मैदानात भेटू या, असा निरोप त्यांनी एकदा नव्हे, चार वेळा पाठवला. आजचा फोन म्हणतो, तुम्हांला बक्षीस लागले आहे. परदेशातील एका ख्रिस्ती बंधूने तुमच्यासाठी भेट पाठवली आहे, ती जकातीत अडकली आहे, थोडी रक्कम भरून सोडवून घ्या. नकार दिला तरी फोन पुन्हा येतो. वारंवार आल्याने खोटे खरे होत नाही.

दुसरी युक्ती आरोपाची. पाचव्या खेपेस उघडे पत्र आले. त्यात राजद्रोहाचा आळ होता आणि ही गोष्ट राजाच्या कानी जाईल अशी धमकी होती. आजचा ठग म्हणतो, तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले. तुमच्या आधार कार्डावर घेतलेल्या सिमवरून गुन्हा घडला. मग व्हिडिओवर गणवेशातला माणूस दिसतो.

तिसरी युक्ती भयाची आणि एकांताची. शमायाने सुचवले की, मंदिरात शिरून दारे बंद करू, कारण रात्री तुला मारायला येणार आहेत. आज ज्याला ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात ते याहून वेगळे नाही. खोलीचे दार लावा, कॅमेरा चालू ठेवा, घरच्यांना सांगू नका, चौकशी होईपर्यंत पैसे अमुक खात्यात ठेवा, असा हुकूम सुटतो. बंद दाराआड माणूस एकटा पडतो, आणि एकट्या माणसाला लुटणे सोपे जाते.

२. नहेम्याने काय केले

त्याने काम सोडून खाली जाण्याचे नाकारले. आरोपाला त्याने एवढेच उत्तर दिले की, असे काहीही नाही, हे तुम्ही मनाने रचले आहे. शमायाचे बोलणे त्याने पारखले, आणि तो देवाचा निरोप नसून पैसे देऊन बोलवलेला शब्द आहे हे ओळखले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नहेम्या राजाचा प्यालेबरदार होता. राजदरबाराचा कारभार कसा चालतो हे त्याला ठाऊक होते, म्हणून खोट्या धमकीने तो डगमगला नाही.

आपणांसही खरा कारभार ठाऊक असावा. फोनवर किंवा व्हिडिओवर अटक करण्याची तरतूद भारताच्या कायद्यात नाही. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी ‘मन की बात’ या कार्यक्रमात हेच देशाला सांगितले. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा गुन्ह्यांची स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबर २०२५ रोजी तपास सीबीआयकडे सोपवला. कोणतीही बँक फोनवर ओटीपी किंवा पिन मागत नाही. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. तेव्हा ‘पैसे मिळवण्यासाठी पिन टाका’ म्हणणारा आपले पैसे नेत आहे. आपल्या फोनचा पडदा दुसऱ्याला दाखवणारे ॲप कोणाच्या सांगण्यावरून घेऊ नये.

आवाजावरही विसंबू नये. आज यंत्राने नातवाचा किंवा पाळकसाहेबांचा आवाज हुबेहूब काढता येतो. इसहाकाला आवाजाचा संशय आला होता. तरी केसाळ हात चाचपून त्याने तो संशय बाजूला सारला. आपल्या मनात शंका आली की फोन ठेवावा, आणि आपल्याजवळ पूर्वीपासून असलेल्या नंबरावर स्वतः फोन लावून विचारावे.

३. फोनवर करावयाचा बंदोबस्त

(अ) आलेला खोटा नंबर कॉलच्या यादीत उघडून ‘ब्लॉक’ करावा. व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसी विभागात अनोळखी फोनची घंटी बंद ठेवण्याची सोय आहे, ती चालू करावी.

(आ) जाहिरातींचे फोन थांबवण्यासाठी १९०९ या क्रमांकावर नोंदणी करावी. १४० ने सुरू होणारे नंबर जाहिरातींसाठी आहेत. २०२४ साली १६०० ने सुरू होणारे नंबर बँका व सरकारी कार्यालयांच्या कामाच्या फोनसाठी राखून ठेवण्यात आले. साध्या दहा आकडी मोबाइलवरून ‘बँकेतून बोलतो’ म्हणणाऱ्यावर विश्वास टाकू नये.

(इ) पैसे गेले नसले तरी संशयित फोनची तक्रार ‘संचार साथी’वरील ‘चक्षू’ या सोयीत करावी. ही सोय मार्च २०२४ मध्ये सुरू झाली.

तथापि केवळ ब्लॉक करून भागत नाही. ठग नंबर बदलून पुन्हा येतो, आणि १९०९ वरची नोंदणी कायदा पाळणाऱ्यालाच अडवते. म्हणून खरे दार आपल्या मनाला बसवावे लागते.

४. पैसे गेलेच तर

लाजेने वेळ घालवू नये. ताबडतोब १९३० वर फोन करावा, आपल्या बँकेला कळवावे आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तेथून तिसऱ्यात झपाट्याने हलवले जातात. खबर लवकर पोहोचली तर वाटेतच काही रक्कम अडवता येते. संदेश, नंबर व व्यवहाराची नोंद पुसून टाकू नये. ‘गेलेले पैसे मिळवून देतो’ म्हणून नंतर येणारा फोन बहुधा दुसऱ्या ठगाचा असतो.

५. मंडळीचे कर्तव्य

आपल्या मंडळ्यांत अनेक निवृत्त शिक्षक, परिचारिका आणि रेल्वेतील माणसे एकटी राहतात. मुले दूरच्या शहरी किंवा परदेशी असतात. बेळगाव असो की इंदूर, वडोदरा असो की हैदराबाद, फोनवरचा दरडावणारा आवाज बहुधा हिंदीत वा इंग्रजीत असतो, आणि परक्या भाषेतील अधिकारवाणीपुढे आपली वडीलधारी माणसे गप्प होतात. तरुण संघाने घरोघर जाऊन आजीआजोबांच्या फोनमध्ये वरील बंदोबस्त करून द्यावा आणि १९३० हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून द्यावा.

याहून मोठे काम आपल्या जिभेचे आहे. फसलेल्याला ‘एवढे शिकलेले असून कसे फसलात?’ असे विचारणे म्हणजे त्याला पुन्हा त्याच बंद खोलीत ढकलणे होय. चोरांच्या हाती सापडलेल्या माणसाला शोमरोन्याने प्रश्न विचारले नाहीत; जखमा बांधल्या. ज्याला मंडळीत बोलण्याची भीती वाटत नाही, त्याला ठग एकटा गाठू शकत नाही.

नहेम्याने दारे लावून लपण्याचे नाकारले, आणि कोट ५२ दिवसांत पुरा झाला. प्रभूने शिष्यांना सापासारखे चतुर व कबुतरासारखे निरुपद्रवी होण्यास सांगितले. यांतील दुसरा गुण आपण आवडीने शिकवतो. पहिलाही शिकवू या.

चर्चेसाठी प्रश्न

१. शमायाचा सल्ला धार्मिक दिसत होता. नहेम्याने तो खोटा आहे हे कसे ओळखले असेल?
२. आपल्या घरी संशयित फोन आला, तर प्रथम कोणाला सांगावयाचे हे ठरले आहे काय?
३. फसवणूक झालेल्या सभासदाला आपली मंडळी कशा रीतीने आधार देईल?

प्रार्थनेचा विषय : एकटे राहणारे वडीलधारे, आणि ज्यांची आयुष्याची पुंजी गेली आहे असे बंधुभगिनी.